पिंग, जिटर आणि हरवलेला तंबोरा

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी, सकाळी सव्वासातच्या सुमारास, मला कळलं की माझा मिरजेचा तंबोरा चार वर्षांत एकदाही अमेरिकेला पोचला नव्हता. मी पोचत होते. माझा आवाज पोचत होता, चष्मा पोचत होता, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा पोचत होतं. तंबोऱ्याला मात्र कुणीतरी वाटेतच उतरवून घेत होतं. हे कुणीतरी कोण, ते शोधता शोधता जे काय हाती लागलंय ना, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. घरातले ऐकून ऐकून कंटाळले, म्हणून कागद घेतलाय.

मी नारायण पेठेत गाणं शिकवते. २०२०च्या टाळेबंदीत सगळ्यांसारखी मीही फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून शिकवायला लागले. टाळेबंदी उठली, पण पडद्यातल्या पोरी काही गेल्या नाहीत, उलट वाढल्या. त्यांतली एक कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला असते. शिकायला लागली तेव्हा सात वर्षांची होती, आता अकरा. आमची रविवार सकाळ सात म्हणजे तिची शनिवार संध्याकाळ साडेसहा. हिवाळ्यात त्यांची घड्याळं सरकतात आणि आमचा क्लास आठवर जातो.

पोरीचा गळा गोड, सुराला पक्की, पण लयीला कच्ची. हे माझं ठाम मत. तीनतालातली साधी मध्यलयीची बंदिश, मी मांडीवर ताल धरायचे, आणि ही बया मागे. मी जरा थांबून तिला बरोबर घ्यायचे, तर पुढच्या आवर्तनात दोघीही सावकाश. आणखी दोन आवर्तनांत मध्यलयीची पार विलंबित व्हायची. "अगं, सम गेली! कान कुठंयत तुझे?" तिच्या आईने बिचारीने तबल्याचं ॲप आणून दिलं. त्याच्याबरोबर ती चोख गाते म्हणे, ताईंसमोर बसली की घसरते. मी म्हटलं, दडपण येत असेल. माझं येतंच जरा लोकांना.

शिवाय मधूनच चित्र गोठायचं. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा व्हायचा. या सगळ्यावर माझं एकच निदान होतं, 'नेट स्लो आहे'. शंभर एमबीपीएसचा प्लॅन दोनशेचा केला, दोनशेचा तीनशेचा. पैसे वाढले, रोग तिथेच.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या मुलाला बोलावलं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पायात स्लिपर, हातात लॅपटॉप.

"काकू, नेट स्लो म्हणजे नेमकं काय होतं?"

"काय होणार? स्लो होतं."

"डॉक्टरांकडे जाऊन तुम्ही नुसतं 'बरं नाही' म्हणता का? ताप आहे, खोकला आहे, पोट बिघडलंय, काहीतरी सांगता ना?"

मुलगा आगाऊ आहे, पण बोलला ते बरोबर. त्याने लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडली. ना चित्र, ना बटण. त्यात टाइप केलं पिंग, आणि पुढे एक आकडा, १९२.१६८.१.१. एंटर मारला. एकाखाली एक ओळी उमटायला लागल्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक संख्या होती. ३, ४, ३, ८७, ४, ११२, ३. मग एका ओळीत संख्याच नाही, उत्तर आलं नाही एवढंच. मग पुन्हा ४, ९६, ३.

"हे काय आहे सांगू का?" तो म्हणाला.

मी हात वर करून त्याला गप्प केलं. मला दिसत होतं की! तीन, चार, तीन, आणि मग एकदम सत्त्याऐंशी! लय डळमळतेय! ठेका धरलाय आणि हात मधेच अडखळतोय, एक मात्रा तर गिळूनच टाकलीय!

"काकू," तो जरा दबकून म्हणाला, "याला जिटर म्हणतात. आणि गिळली ती पॅकेट लॉस."

त्या क्षणापासून मी वेडी झालेय.

पिंग म्हणजे हाक. आपल्या यंत्राने दुसऱ्या यंत्राला 'ओ' म्हणायचं, त्याने 'ओ' द्यायची, आणि मधे किती मिलिसेकंद गेले ते मोजायचं. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. माइक म्यूस नावाच्या अमेरिकन माणसाने हा छोटासा प्रोग्रॅम १९८३च्या डिसेंबरात लिहिला आणि नाव पाणबुडीच्या सोनारवरून ठेवलं. सोनार पाण्यात आवाज सोडतो आणि परत आलेल्या आवाजावरून अंतर काढतो, तसंच. म्हणजे नावसुद्धा नादातूनच आलंय! हे मला कुणीच कसं सांगितलं नव्हतं?

आणि हाक मारली होती कुणाला? अमेरिकेला नाही, समुद्रापलीकडे नाही. १९२.१६८.१.१ म्हणजे आमचाच राउटर, आमच्याच घरात, माझ्यापासून वीस फुटांवर! चार वर्षं मी कॅलिफोर्नियाच्या नावाने बोटं मोडत होते आणि आमचं गाडं माजघर ओलांडतानाच अडखळत होतं.

या आकड्यांची गंमत सांगते. प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. जुन्या पद्धतीत असे सगळे मिळून साधारण ४२९ कोटी पत्ते होतात. जगातल्या सगळ्या फोनांना, टीव्हींना आणि लॅपटॉपना ते पुरायचे कसे? मग काय केलं, तर वाडा केला! माझं लहानपण वाड्यात गेलं. वाड्याला बाहेरून नंबर एकच, आत बिऱ्हाडं चौदा. पोस्टमन दिंडी दरवाज्यापर्यंत यायचा, आणि ओट्यावर बसलेले मालक पत्र बघून सांगायचे, हे जिन्याखालच्यांचं, हे मागच्या चौकातलं. राउटर म्हणजे ते मालक. बाहेरच्या जगाला दिसतो तो वाड्याचा नंबर, आतल्या खोल्यांचे नंबर मालक स्वतः वाटतात. माझा फोन १९२.१६८.१.५, ह्यांचा १९२.१६८.१.७. म्हणून हाच १९२.१६८ आमच्याकडेही असतो आणि वरच्या मजल्यावरही. जिन्याखालची खोली काय एकाच वाड्यात असते? कुणी बाहेर पत्र पाठवलं की मालक वहीत टिपून ठेवतात, म्हणजे उत्तर आल्यावर ते बरोबर त्याच बिऱ्हाडाला जातं. या वहीच्या कारभाराला नॅट म्हणतात. आता आयपी व्ही सिक्स नावाची नवी पद्धत आलीय, तिच्यात पत्ते संपायची भीतीच नाही, प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र नंबर. पण खरं सांगू? मला वाडाच आवडला.

तर हे आमचे मालक बसले होते कुठे? लोखंडी कपाटावर, कोपऱ्यात, दिवाळीच्या फराळाच्या स्टीलच्या डब्यांमागे. फायबरवाला पोरगा बसवून गेला, वायर लोंबते म्हणून मीच तो मागे सारला आणि पुढे डबे रचले. वायफाय म्हणजे रेडिओलहरी, लोखंड आणि स्टील त्यांना परतवून लावतात. मी माझ्या हाताने मालकांना पिंपात बसवलं होतं!

याच्या पुढचं ऐका, कारण इथे मी खरोखर टाळी वाजवली. वायफायची दोन नावं दिसतात ना, एकाच्या पुढे ५जी असं काहीतरी लिहिलेलं? मी ते मोबाइलचं ५जी समजत होते. तसं नाही. एक वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, दुसरं ५वर. हर्ट्झ! म्हणजे कंपनसंख्या! म्हणजे हे सूर आहेत! २.४ला षड्ज धरा. दुप्पट केली की ४.८, तो तार षड्ज. आणि मुलगा म्हणाला की पाचचा पट्टा खरं तर ५.१५ला सुरू होतो. मी कागदावर भागाकार केला. तार सप्तकातल्या कोमल रेच्या जेमतेम वर! माझ्या घरात दोन अदृश्य सूर अहोरात्र लागलेत, एक मध्यातला सा आणि एक तारेतला कोमल रे. (मुलगा म्हणाला, "काकू, ऐकू नाही येत ते." मला माहितीय रे.)

आता यातून कामाची गोष्ट काय निघते? गणपतीत लक्ष्मी रस्त्यावर मिरवणूक असते तेव्हा आमच्या आतल्या खोलीत आधी काय ऐकू येतं? ढोल. ताशा नाही. जाड आवाज भिंती ओलांडतो, बारीक भिंतीत मरतो. लहरींचंही तसंच. २.४वालं आतल्या खोलीपर्यंत पोचतं, पण त्याचा वेग कमी, शिवाय तिथे शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा त्याच सुरात घुमतो. ५वालं चपळ आणि मोकळं, पण दोन भिंती मधे आल्या की संपलं. मी आतल्या खोलीत, दार लावून, ५वर गात होते. ताशा ऐकू येत नाही म्हणून ताशेवाल्याला पैसे वाढवून देत होते, तीनशेचा प्लॅन म्हणजे तेच.

त्या तीनशेचं प्रकरणही आता उरकून टाकते. तीनशे एमबीपीएस हे बिट मोजतात, फाइल मोजतात ती बाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे आठाने भागा. शिवाय बँडविड्थ म्हणजे वेग नव्हे, रुंदी. एक्सप्रेसवेला दोन पदर वाढवले म्हणून मुंबई जवळ येत नाही, एका वेळी जास्त गाड्या जातात एवढंच. आणि माझी गाडी केवढीशी? दोघींच्या व्हिडिओ कॉलला दीड-दोन एमबीपीएस पुष्कळ झाले! मी मोटारसायकलसाठी महामार्ग विकत घेत होते. पुन्हा शंभरवर आलेय.

मग आम्ही तपकीर गल्लीत गेलो. पासोड्या विठोबापाशी रिक्षा सोडली. पंधरा मीटर लॅन केबल हवी होती, राउटरपासून माझ्या बैठकीपर्यंत सरळ, कारण वायर ती वायर. दुकानदाराने टोक सोललं, आतून आठ तारा निघाल्या, दोन दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडी एकमेकींत पिळलेली. पीळ कशाला, तर बाहेरची खरखर दोन्ही तारांवर सारखीच पडते आणि शेवटी वजा होते. ही युक्ती ग्रॅहॅम बेलची, १८८१ची! दुकानदाराने पीळ उलगडले, तारा अंगठ्याने सरळ केल्या आणि लावल्या. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. आठ. चौथ्या-पाचव्या जागेवर निळा रंग बरोबर मधे घुसतो, आणि हिरव्याची जोडी त्याला मिठी मारल्यासारखी दोन बाजूंना. केरव्याच्या आठ मात्रांसारखं मी ते दुकानात उभ्याउभ्या पाठ केलं. मग त्याने त्या आठही जणी एका पारदर्शक टोपीत सारल्या आणि पकडीने 'कट्' केलं. त्या 'कट्'वर सम होती, शप्पथ.

घरी येऊन वायर जोडली. काळी खिडकी. पिंग. एकापेक्षा कमी, एक, एकापेक्षा कमी, एक, एक. अहाहा! तबल्यावर थिरकवाँसाहेबांचा हात!

आणि तेवढ्यात, माझ्या डोळ्यांदेखत, राउटरपलीकडे पाठवलेली हाक बिघडायला लागली. आधी २५ येत होते ते ६०, १४०, ३१०! आम्ही दोघं बघतच राहिलो. वायर चांगली, राउटर उघड्यावर, मग आता काय? मुलाने घरात फेरी मारली आणि ह्यांचा फोन उचलून आणला. हे सकाळी सिंहगड चढून आले होते, चारशे फोटो आणि बारा व्हिडिओ काढले होते, आणि घरच्या वायफायच्या कक्षेत आल्याबरोबर फोनने ते सगळे आपणहून वर ढकलायला सुरुवात केली होती. वर ढकलणं म्हणजे अपलोड. माझं गाणंही त्याच दाराने बाहेर जातं. राउटर कुणाला नाही म्हणत नाही, आलेलं सगळं रांगेत उभं करतो, आणि माझा नाजूक कोमल गंधार ह्यांच्या कल्याण दरवाज्याच्या व्हिडिओमागे उभा. या रोगाला बफरब्लोट असं नाव आहे. रविवारी चित्र का गोठायचं आणि बाकीच्या दिवशी का नाही, याचा उलगडा झाला, कारण हे गड चढतात ते रविवारी पहाटे. क्लास संपेपर्यंत फोन विमानात, म्हणजे एअरप्लेन मोडवर, हा आता घरचा नियम आहे. ह्यांना मान्य नाही. नियम आहे.

बफर या शब्दाची मला भीती वाटायची, ते गोल गोल फिरणारं चक्र आठवायचं. पण बफर म्हणजे गच्चीवरची टाकी! नळाला पाणी कधी धो धो, कधी करंगळीएवढं, कधी नाहीच. तरी स्वयंपाकघरात धार एकसारखी पडते, कारण वर टाकी आहे. सिनेमा बघताना ॲप चांगली मोठी टाकी भरून ठेवतं, म्हणून मधे दहा सेकंद नेट गेलं तरी कळत नाही. कॉलमध्ये तसं करता येत नाही. दहा सेकंदांची टाकी ठेवली तर मी 'सा' म्हणून दहा सेकंद बसून राहायचं! तिथे फार तर तांब्याभर साठा, सेकंदाचा काही शतांश भाग. जिटर त्याहून वाढला की तांब्या रिकामा आणि धार तुटली.

आता मुख्य दुखण्याकडे येते. हे सांगताना अजून पोटात कालवतं.

घर नीट झाल्यावर मी मुलाला म्हटलं, आता फ्रीमाँटला हाक मार. त्याने तिकडच्या बाजूच्या एका सर्व्हरला पिंग केलं. २४०, २३९, २४१, २४०. लय एकदम स्थिर, पण अंक मोठा.

"हा कमी कर."

"नाही होणार, काकू. हा प्रकाशाचा वेळ आहे."

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. पुण्याहून फ्रीमाँट सरळ रेषेत साडेतेरा हजार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे काहीही केलं तरी एकेरी ६७ मिलिसेकंद, जाऊन-येऊन १३५. प्रत्यक्षात केबल सरळ जात नाही. मुंबईच्या किनाऱ्यावरून समुद्रात उतरते, देशोदेशींच्या किनाऱ्यांवर टेकत वळसे घेत जाते. म्हणून २४०. याला लेटन्सी म्हणतात, आणि ही पैसे भरून जात नाही. (अवांतर आहे, पण राहवत नाही. १९२७ साली इंग्लंडशी बिनतारी संदेशांची सेवा सुरू झाली तेव्हा तिची केंद्रं होती खडकीला आणि दौंडला! २३ जुलैला व्हाइसरॉय आयर्विन आणि राजे पंचम जॉर्ज यांनी एकमेकांना शुभेच्छा धाडल्या. दौंड माझं आजोळ, आणि मला तिथलं फक्त रेल्वे जंक्शन माहीत.)

आता हिशोब करा. मी केला, वहीच्या मागच्या पानावर, आणि हात थरथरला. मध्यलय, मिनिटाला १२० मात्रा. म्हणजे एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. मी मांडीवर टाळी देते. ती तिला पोचायला १२०, वर तिकडच्या तांब्यात थांबून साधारण दीडशे. ती अगदी अचूक, माझ्या टाळीवर, समेवर येते. तिचा आवाज मला यायला पुन्हा दीडशे. तीनशे! मला ती अर्ध्या मात्रेहून जास्त मागे ऐकू येते. तिच्या जागी ती समेवरच आहे. माझ्या जागी ती मागे. मग मी तिच्यासाठी थांबते, तिला ते थांबणं उशिरा पोचतं, ती माझ्यासाठी थांबते, आणि दोघी मिळून बंदिशीचा बैलगाडा करतो.

मुलगा म्हणाला, पंचवीस-तीस मिलिसेकंदांपुढे उशीर गेला की एकत्र वाजवणं कठीण होत जातं. हवेत आवाज तेवढ्या वेळात दहाएक मीटर जातो. म्हणजे गायिका आणि तबलजी दहा मीटरपर्यंत लांब बसले तर कसंबसं जमतं. आणि १२० मिलिसेकंद? एक्केचाळीस मीटर. मी रंगमंचावर, आणि माझा साथीदार नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेच्याही मागे, बाहेर, बटाटेवड्याच्या खिडकीपाशी! तिथून त्याने समेवर यायचं आणि नाही आला की मी रागवायचं!

दोन वर्षं मी त्या पोरीला लयीवरून बोलले. तिच्या लयीत काही वाईट नव्हतं. वाईट माझ्या भूगोलात होतं.

पुढच्या रविवारी मी तिला आधी हे सगळं सांगितलं, वहीचं पान कॅमेऱ्यासमोर धरून. सॉरी म्हटलं. गुरूने शिष्येला सॉरी म्हणायची आमच्याकडे फारशी पद्धत नाही, माझ्या बाईंनी तर जन्मात म्हटलं नसतं. पोरगी ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे ताई, तुम्ही लेट होतात?" हो बाई. मीच.

आता आम्ही असं करतो. तबला तिच्याकडेच लावायचा, तिच्या खोलीत. ती त्याच्यावर गाते. दोन्ही एकत्रच निघतात, एकत्रच माझ्याकडे पोचतात, उशिरा का होईना, पण एकमेकांना धरून. मी हात बांधून बसते, टाळी द्यायची नाही. फार अवघड जातं मला ते. आणि गाते म्हणजे काय, चोख गाते! तिहाई घेऊन अशी समेवर येते!

मग राहिला तंबोरा.

इथे मला पाकिटांची गोष्ट सांगायला हवी. आवाज तारेतून अखंड जात नाही, त्याचे तुकडे होतात, साधारण वीस मिलिसेकंदांचा एकेक, म्हणजे सेकंदाला पन्नास. एकेका तुकड्याला पॅकेट म्हणतात. आपण मराठीत कधीच पाकीट करून टाकलाय तो शब्द. प्रत्येक पाकिटावर पत्ता आणि क्रमांक, आणि प्रत्येक आपापल्या वाटेने. दाणेदार तान, सेकंदाला आठ स्वर, म्हणजे एका स्वराच्या वाट्याला सहा पाकिटं. सहांतली दोन हरवली तर? फाइल पाठवताना टीसीपी नावाची रीत असते, ती रजिस्टर पोस्टासारखी प्रत्येकाची पोच मागते आणि हरवलेलं पुन्हा पाठवते. कॉलमध्ये बहुधा यूडीपी, साधं पोस्टकार्ड. गेलं ते गेलं. मैफलीत हुकलेली मात्रा परत आणून काय करायची? मग पलीकडचं ॲप आधीच्या स्वरावरून अंदाज बांधून भोक बुजवतं. तो पत्र्याच्या डब्यातला आवाज आठवतोय ना? तो अंदाज होता. मी तासन् तास अंदाजाला गमक शिकवत होते.

आवाज पाकिटात मावावा म्हणून त्याची घडी घालतो तो कोडेक. सध्या पुष्कळ ठिकाणी ओपस नावाचा असतो, २०१२ साली प्रमाण झालेला. त्याला दोन मेंदू आहेत, एक बोलण्यासाठी, एक संगीतासाठी. नावच बघा, पाश्चात्त्य संगीतात रचनेला ओपस म्हणतात. म्हणजे दोष घडी घालणाऱ्याचा नव्हता. दोष दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्यांचा, आणि ते तीन होते. पहिला प्रतिध्वनी खुडणारा. स्पीकरमधून आलेलं माइकमध्ये परत जाऊ नये म्हणून तो दोघी एकदम गायल्या की एकीचं तोंड दाबतो. कानात हेडफोन घातले की त्याला काम उरत नाही. दुसरा आवाज सपाट करणारा. मी खर्जात हळू गेले की तो मला वर उचलतो, तारेत खुलले की खाली दाबतो. चार वर्षं माझ्या सगळ्या चढ-उताराची इस्त्री. आणि तिसरा नॉइज सप्रेशन. त्याला शिकवलंय, की जो आवाज बदलत नाही, एकसारखा, न थांबता चालू असतो तो कचरा. पंखा, एसी, मोटर, काढून टाक. बोलणं तेवढं ठेव.

एकसारखा, न थांबता. तंबोऱ्याने दुसरं करायचं तरी काय?

काही ॲपांच्या सेटिंगमध्ये, ध्वनीच्या पानावर, एक कळ असते. मूळ आवाज, संगीतासाठी, ओरिजिनल साउंड, अशा काहीतरी नावाची. ती चालू केली की तिन्ही पहारेकऱ्यांना सुट्टी देता येते. रविवारी सात वाजून काही मिनिटांनी मी ती दाबली. वायर जोडलेली, हेडफोन कानात, ह्यांचा फोन विमानात. जवारी सकाळीच लावून घेतली होती. मी काही बोलले नाही, नुसता तंबोरा छेडला. प, सा, सा, खर्ज.

पोरीने मान वर केली. इकडे तिकडे बघितलं. मग कानावरचे हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरले.

"ताई, हे काय वाजतंय?"

"तंबोरा गं."

"तो असा असतो?"

मी उत्तर दिलं नाही, देता आलं नाही. भूपाचा सा लावला. तिने लावला. मला तो उशिरा आला, यायचाच तेवढा उशीर. एकशेवीस आणि थोडा तांब्यातला. चालतंय.

आता पहारेकऱ्यांना सुट्टी दिली म्हणजे सगळ्यांनाच दार उघडं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. दहा मिनिटांत खालच्यांच्या कुकरची शिट्टी तिकडे गेली. मग कुणाची तरी स्कूटर सुरू होईना, ती किक मारून मारून गेली. आणि पोरगी आरोहात धैवतावर असताना बोळातून रद्दीवाला आला, आपला नेहमीचा, 'रद्दीऽऽ पेपर' करत, शेवटचा स्वर पंचमावर सोडून देणारा. मी माइकवर हात ठेवायला गेले, पण पाकिटं निघून गेली होती.

पडद्यावर पोरीमागचं दार धाडकन उघडलं. तिची आई, हात कणकेने भरलेले, लाटणं तसंच. ही बाई शनिवार पेठेत वाढलेली. कधी क्लासमध्ये तोंड घालत नाही.

"ताई, रद्दीवाला गेला का आत्ता?"

"गेला. सॉरी हं, बंद करते ते."

"नको, नको. बंद नका करू." ती खाली बसलीच, पोरीला जरा सरकवून. "वळून येईल ना तो? बोळ पुढे बंद आहे ना?"

बोळ पुढे बंद आहे. मी तंबोरा मांडीवर तसाच धरला, धैवत अर्ध्यात राहिला, आणि आम्ही तिघी थांबलो.